बाबल्याचं गाऱ्हाणं

ठाणे,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय विनीतामावशी,

साष्टांग नमस्कार घालायला सध्या गुडघा तयार नाही, तेव्हा उभ्यानेच घालतो. चालवून घे.

पत्र बघून दचकू नकोस. सगळे ठीक आहेत, आई पण बरी आहे. पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे काय होतं तुला माहीतच आहे. तू ओरडून विचारतेस, "जेवलंस काय?" मी म्हणतो, "व्हय." मग तू काजूच्या झाडाखालून पडवीत येतेस आणि रेंज जाते. व्हॉट्सॲपला तर तू हातही लावत नाहीस. म्हणून कागद घेतला.

बातमी अशी, की मला राणोजी सारंग मिळालाय! होय, तोच. ज्याच्या गोष्टी सांगून तू सुट्टीत आम्हाला झोपवायचीस, तो आरमारातला राणोजी. मोठा सिनेमा आहे. खरं जहाज बांधतायत. मी तीन परीक्षा देऊन पास झालो. आईने सगळ्या सोसायटीत पेढे वाटले.

आणि मग लोकांना कळलं, की राणोजी म्हणजे 'पाटणकरांचा बंगला'मधला बाबल्या गडी. झालं! माझ्या डोक्यावर नारळ पडतो आणि मी "आवशीचो घो!" म्हणून कोलमडतो, ती चित्रफीत लाखो लोकांनी पुन्हा बघितली. "आता आरमार नारळांनी लढणार का?" असं एकाने लिहिलंय. एका गृहस्थाने तर माझं टीव्हीवरचं आजवरचं सगळं काम काढून त्यावर लेख लिहिला. एका गुन्हेमालिकेत मी प्रेत झालो होतो ना? त्याबद्दल म्हणतो, "या भूमिकेत अभिनेता सर्वांत संयत वाटतो."

हसू येतं, पण मावशी, रात्री झोप येत नाही. मला स्वतःलाच वाटायला लागलंय की ते बरोबर बोलतायत. चार वर्षं मालिका चालली. सगळ्या नातेवाइकांनी काही ना काही म्हटलं, तू एक अक्षर नाही. तू उगाच कोणाला मार्क देत नाहीस, ते मी तुझ्या वर्गात मे महिन्याच्या सुट्टीतही भोगलंय. म्हणून तुलाच विचारतो. बाबल्या बघून खरं सांग, माझ्यात राणोजी आहे का? दिगदर्शकांना मी नोव्हेंबरअखेर नक्की कळवतो म्हटलंय. तू नाही म्हणालीस तर मी हे काम सोडणार.

तुझा,
कौस्तुभ

---

माडखोरी, ता. मालवण,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. कौस्तुभ यास,

आशीर्वाद, आणि गुडघ्याला खोबरेल तेलात कापूर घालून चोळ.

'दिग्दर्शक' हा शब्द तुला लिहिता येत नाही. ज्याच्या हाताखाली काम करायचं त्याचं नाव तरी धड लिहावं.

राणोजीची बातमी वाचून आनंद झाला. शेजारच्या सुशीलेला सांगितलं. तिने वाडीला सांगितलं, वाडीने बाजाराला. आता मासेवाल्या मला "राणोजीची मावशी" म्हणून हाक मारतात आणि बांगड्यांचा भाव मात्र तोच लावतात.

तुझ्या मालिकेचं म्हणशील, तर मी मालिका बघत नाही. माझा टीव्ही पाच वर्षांमागे पावसाळ्यात वीज पडून गेला, तो मी परत घेतला नाही. संध्याकाळी वाचनालय असतं, बाग असते. ज्या गोष्टी बघितल्या नाहीत त्यांच्याबद्दल मत कसं देणार? तू आपलं मन लावून काम कर. लोकांचं काय, ते दोन्हीकडून बोलतात. आणि त्या हिरव्या बनियनमध्ये भर पावसात उभं केलं तुला, छाती भरली असती. नव्या लोकांना आधीच सांग.

काजूगर पाठवते आहे. आईला निम्मे दे.

तुझी,
विनीतामावशी

---

ठाणे,
१८ ऑक्टोबर २०२५

मावशी,

पकडलं!

हिरवं बनियन शेवटच्या आठवड्यात होतं. मालिका संपता संपता. म्हणजे तू चार वर्षं, शेवटच्या आठवड्यापर्यंत, सगळं बघितलंस! टीव्ही नसताना! आणि मला म्हणतेस, वाचनालय असतं. शाळेत खोटं बोलणाऱ्याला तू अंगठे धरून उभं करायचीस. पडवीत ये आणि धर अंगठे.

आता सुटका नाही. दिग्दर्शकांचा (बघ, जमलं) काल फोन आला. ते मायेने बोलले, पण म्हणाले, "तुझा तुझ्यावर विश्वास नसेल तर जहाज कितीही मोठं बांधून उपयोग नाही." त्यांच्या यादीत दुसरा एक जण आहे, उंच आहे, दाढी स्वतःची आहे.

मावशी, मला गोड बोललेलं नकोय. गोड बोलायला आई आहे. तू चार वर्षं गप्प का होतीस?

कौस्तुभ

---

माडखोरी,
२६ ऑक्टोबर २०२५

चि. कौस्तुभ,

बरं. धरले अंगठे. सुशीलेकडे जायचे मी, रोज साडेसातला. काजू सोलायला म्हणून जायचे. बारा महिने काजू कुठे असतात, हे तिने मला कधी विचारलं नाही, एवढं तिचं मन मोठं.

तू विचारलंसच, तर ऐक. मला बाबल्या आवडला नाही.

तू वाईट नट आहेस म्हणून नाही. तू चांगला नट आहेस म्हणूनच जास्त राग आला. तुला मालवणी येते. आजोबांच्या मांडीवर बसून शिकलास. पण त्या बंगल्यात पाऊल टाकलंस की तू ती भाषा अशी बोलायचास, की बोलायच्या आधीच लोकांनी हसावं. तोंड वाकडं करून, डोळे गरगरा फिरवून. आपल्याकडे कोण बोलतं रे असं? इथले गडी तुझ्यापेक्षा कमी बोलतात आणि जास्त शहाणे असतात. पाटणकरांच्या घरातले सगळे शुद्ध बोलणार, आणि नारळ पडणार तो मालवणी बोलणाऱ्याच्याच डोक्यावर. नेम चुकून एकदा तरी पाटणकरीणबाईच्या डोक्यावर पडायला काय हरकत होती?

गेल्या वर्षी मी दादरला माझ्या वर्गमैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला गेले होते. पंगतीत माझ्या शेजारी सुशीला होती, तिच्याशी मी आपली बोलत होते, "गो, सोलकढी बरी आसा." समोरची एक सजलेली बाई टाळी देऊन म्हणाली, "अय्या, या तर अगदी बाबल्यासारखं बोलतात! अजून बोला ना!" सगळी पंगत हसली. मी आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवलं, आणि त्या दिवशी जेवण होईपर्यंत तोंड उघडलं नाही. तो बाबल्या माझा भाचा आहे, हेही सांगितलं नाही. म्हणून गप्प होते. तुला बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि मला तू हवा आहेस.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट लिहायची आहे, पण दारात देवस्थानची माणसं येऊन उभी राहिली आहेत आणि पोस्टमन परत जायला निघालाय. हे एवढंच टाकते, बाकी सवडीने लिहीन.

मावशी

---

ठाणे,
४ नोव्हेंबर २०२५

मावशी,

पत्र बऱ्याच वेळा वाचलं. तू म्हणतेस ते खरं आहे. मला माहीत होतं गं. पहिल्या दिवशी मी सरळ बोललो होतो, तर सगळे म्हणाले, "मजा नाही येत, जरा वाढव." मी वाढवलं. लोक हसले. मग वाढवतच गेलो.

त्या पंगतीचं वाचून मला फार वाईट वाटलं. माफ कर.

काल दिग्दर्शकांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. दाढीवाल्याला मिळू दे राणोजी. आता माझं मन हलकं आहे. जरा जास्तच हलकं आहे.

कौस्तुभ

---

माडखोरी,
८ नोव्हेंबर २०२५

अरे गाढवा,

आशीर्वाद नंतर देते.

अर्धा धडा वाचून परीक्षेला पळायची तुझी खोड अजून गेली नाही! 'महत्त्वाची गोष्ट लिहायची आहे' असं मी लिहिलं होतं की नाही? मग थांबता येत नाही? उत्तरपत्रिका अर्धी तपासलेली असताना मुलगा शाळा सोडून गेला, असं मी कधी बघितलं नाही. आता शेवटपर्यंत वाच. उठायचं नाही.

गेल्या वर्षी मार्चमधली गोष्ट. पाटणकरीणबाईची हिऱ्याची कुडी हरवते आणि बाबल्यावर आळ येतो, तो भाग. आठवतो? मी, सुशीला आणि तिची सून बघत होतो. आपला बाळा गावकर, जो देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालतो तो, फणस द्यायला म्हणून आला होता आणि दाराशी रेंगाळला होता. टीव्हीवर तू तुळशीसमोर उभा राहिलास, डोक्यावरचं फडकं काढून खांद्यावर घेतलंस, हात जोडलेस आणि सुरू केलंस:

"बा देवा माडखोरीच्या रवळनाथा, बारा पाचाच्या म्हाराजा, आज ह्या लेकरू तुका हाक मारता..."

आणि कौस्तुभ, आम्ही चौघांनी एका सुरात म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

कळलं का तुला? टीव्हीला! बाळाचे तर हात जोडलेले, डोळे मिटलेले. तू पुढे म्हणालास, "तेच्यार खोटो आळ इलो आसा, तो दूर कर." आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा!" तू म्हणालास, "कुडी गावली तर तुझ्या जत्रेत धयकाल्याक उभो रवतंय." आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा!" सुशीलेच्या हातातली वाटी खाली पडली तरी कोणी बघितलं नाही. मग साबणाची जाहिरात लागली आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो.

आम्ही बायका पोट धरून हसलो. बाळा हसला नाही. म्हणाला, "हसतास कित्याक? देवाच्या नावान गाऱ्हाणा घातला, गावान व्हय म्हटला. टीव्हीत घातला काय नि देवळात घातला काय, देवाक सगळा सारख्याच." आणि दुसऱ्या दिवशीच्या भागात कुडी सापडली, कुत्र्याच्या टोपलीत!

हे मी तुला तेव्हा कळवायला हवं होतं. रागात होते, कळवलं नाही. गेली जत्रा तशीच गेली. त्या दिवशी दारात देवस्थानची माणसं आली होती ती ह्याच कामाला. नवस तुझा, पण 'व्हय' गावाचं, त्यामुळे सगळेच अडकलेत. बाळाने रवळनाथाला कौल लावला. उजवा कौल आला. देवाचं म्हणणं, त्याला येऊ दे.

तेव्हा २४ तारखेच्या जत्रेत तुला धयकाल्याच्या नाटकाला उभं राहायचंय. हल्ली दहाच्या आत संपवावं लागतं, म्हणून सातलाच नाटक उभं राहतं. सुदेशच्या दशावतारी कंपनीत तुला घेतलंय.

आता माझं मत. चार वर्षांत तू बाकी सगळीकडे लोकांना हसवायला बोललास. त्या एका जागी तू देवाशी बोललास. समोर कोणी आहे असं धरून. तेवढ्यापुरतं मी तुला पास केलं होतं. एका प्रश्नावर पूर्ण पेपर पास करता येत नाही, म्हणून पुढचा पेपर बघायचाय. त्या दिग्दर्शकांना फोन कर आणि सांग, निकाल लागायचाय.

आता आशीर्वाद.

मावशी

---

ठाणे,
१४ नोव्हेंबर २०२५

मावशी,

ते गाऱ्हाणं कोणी लिहिलेलंच नव्हतं! कागदावर फक्त एवढं होतं: 'बाबल्या मालवणीत काहीतरी प्रार्थना करतो.' मी उभा राहिलो आणि आजोबा म्हणायचे ते तोंडातून आलं. ते झाल्यावर सेटवर कोणी हसलं नाही. मला वाटलं, फसलं. म्हणून पुन्हा कधी तसं केलं नाही. आणि तिकडे तुम्ही चौघं!

दिग्दर्शकांना फोन केला. गाऱ्हाणं, कौल, सगळं सांगितलं. त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "मी या धंद्यात पुष्कळ कारणं ऐकली, पण हे नवीन आहे. तीस तारखेपर्यंत दाढीवाल्याला थांबवतो."

आता मुख्य अडचण. सुदेशमामांना मी लिहिलं, की मला संहिता पाठवा, दहा दिवसांत पाठ करतो. त्यांचं उत्तर आलं: "संहिता खंयची? तू राजा. येवन उभो रव. राणी प्रीतम आसा, तो काय ता बघतलो." एवढंच! कथा कोणती? वाक्यं कोणती? मी काय बोलायचं? प्रीतम काय बोलणार? मावशी, मी कागदाशिवाय कधी उभा राहिलेलो नाही. कालपासून मी आरशासमोर उभा राहून स्वतःलाच उत्तरं देतोय.

कौस्तुभ

---

माडखोरी,
१८ नोव्हेंबर २०२५

चि. कौस्तुभ,

इथे नाटक लिहिलेलं नसतं, हे तुला कोणी सांगितलं नाही? मुंबईची माणसं! कथा रंगपटात तोंडाला रंग लावताना ठरते. प्रीतम बोलेल ते नीट ऐकायचं आणि त्याला उत्तर द्यायचं, एवढंच काम. तो पंधरा वर्षं राण्या करतो. लुगडं नेसून उभा राहिला की त्याची स्वतःची बायकोसुद्धा त्याला वहिनी म्हणते.

आरसा ठेवून दे. मुक्काम माझ्याकडे. भाकऱ्या खाऊन नाटकाला उभा राहू नकोस, सुस्ती येते.

मावशी

---

माडखोरी,
२५ नोव्हेंबर २०२५

चि. कौस्तुभ,

तू सकाळी निघालास तेव्हा अंगणात एवढी माणसं होती की मला बोलता आलं नाही. सगळे तुझ्याबरोबर फोटो काढत होते, आणि बाळा गावकर प्रत्येक फोटोत होता. म्हणून तुझी बस गेल्या गेल्या लिहायला बसले आहे. निकाल तोंडी सांगायचा नसतोच.

सुरुवातीला तू राजासारखा बोललास. 'हे प्रिये', 'हे प्राणेश्वरी', खणखणीत. दशावतारातला राजा तसाच बोलतो, चूक काहीच नव्हती. लोक बघत होते आणि शेंगा खात होते. मग युद्धाला निघायचा प्रसंग आला. प्रीतमने पदर सावरला आणि विचारलं, "महाराज, आपण गलबत घेऊन निघालात. आपल्याला भय म्हणून वाटतच नाही का?" आणि तू अडकलास.

मला दिसलं, तू आत कुठेतरी पाठ केलेलं वाक्य शोधत होतास. नव्हतंच. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडला, "बाबल्या, नारळ खंय?" आणि सगळं देऊळ हसलं. खरं सांगते, मला उठून घरी जावंसं वाटलं. सुशीलेने माझा हात धरून ठेवला.

तू मागे बघितलं नाहीस. प्रीतमकडे बघितलंस. आणि हळू आवाजात बोललास, राजाच्या भाषेत नाही, आपल्या भाषेत:

"राणये, भय माकाय वाटता. दर्यार जाणारो माणूस बायलेक ता सांगणा नाय, इतक्याच. जाताना पाठ करून चलता. तोंड दिसाक नको म्हणान."

पहिल्या शब्दांना दोघं-चौघं हसले. मग थांबले. पुढे मासेवाल्या बसल्या होत्या, त्यांतली एकही हसली नाही. शेंगांचा आवाज बंद झाला. प्रीतमच्या गालावरून रंग ओघळला. राजाने मालवणी बोलायची पद्धत नाही, सुदेश रागावून रंगपटातून बाहेर आला होता, तोही खांबाला टेकून उभा राहिला.

तुझ्या आधीच्या कामाबद्दल तू विचारलं होतंस. ते कच्चं होतं. पण बाबल्या आणि हा राजा एकाच तोंडातून आले, हे आता मला ठाऊक आहे. राणोजी तू कर. तोही ह्याच पाण्यावरचा होता. तो खलाशांशी पुस्तकातलं बोलला नसणार.

आता दुसरं. तुझे काका, माझे यजमान, जन्मभर बोटीवर होते. सुट्टी संपली की बॅग उचलायचे आणि चालू लागायचे. मी दारात उभी राहायची, की वळतील, एकदा तरी बघतील. कधी वळले नाहीत. मी त्यांना दगड म्हणायची. तोंडावर म्हणायची. ते हसायचे. ते जाऊन इतकी वर्षं झाली, आणि काल देवळात बसून माझ्या मनात आलं, की मी त्यांना उगाच बोलले.

हे तुला कसं सुचलं रे?

मावशी

---

ठाणे,
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय मावशी,

होकार दिला! एक अट घातली, की राणोजी दरबारात दरबारातलं बोलेल, पण गलबतावर खलाशांशी मालवणीच बोलेल. दिग्दर्शक म्हणाले, "लोक बाबल्या आठवून हसले तर?" मी म्हटलं, हसतील. पहिल्या वाक्याला हसतील. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, की वाक्यं तपासायला गावात कोणी खडूस माणूस मिळेल का. मी तुझा पत्ता दिलाय. दाढी मी वाढवायला घेतली आहे, आई म्हणते भिकाऱ्यासारखी दिसते.

तू शेवटी जे विचारलंस त्याचं उत्तर.

ते मला सुचलेलं नाही. मी सात-आठ वर्षांचा असेन. काका बोटीवर निघाले होते आणि मला एस.टी.पर्यंत सोबत घेऊन गेले. छोटी पिशवी माझ्याकडे होती. मी त्यांच्यापुढे उड्या मारत चाललो होतो, म्हणून मागे वळल्यावर मला त्यांचं तोंड दिसलं. ते रडत होते, मावशी. वळणापर्यंत रडत होते. तिथे थांबून त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि मला म्हणाले, "मावशीक सांगा नको हां."

मी शब्द दिला होता, म्हणून कधी सांगितलं नाही.

तुझा,
कौस्तुभ